चार एकर गहाण ठेवून मदतकार्याची पदवी घ्यावी का?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी शहादा तालुक्यातील २४ वर्षांची मुलगी आहे. कृषी विषयात पदवी घेतल्यानंतर गेले चौदा महिने मी धडगाव भागात पोषणाचे काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे आणि मला दरमहा १८,००० रुपये मानधन मिळते. पाड्यांवर जाऊन बालकांच्या दंडाचा घेर मोजणे, तो अंगणवाडीच्या यादीशी ताडून पाहणे आणि तीव्र कुपोषित मुले ग्राम बाल विकास केंद्रात दाखल होतात की नाही यावर लक्ष ठेवणे हे माझे काम आहे. दिवाळीनंतर मात्र यादीतील कितीतरी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत निघून जातात आणि होळीला परत येतात, तेव्हा आम्हाला सगळी मोजणी नव्याने करावी लागते.

मला ब्रिटनमधील एका विद्यापीठात मानवतावादी मदतकार्य आणि विकास या विषयाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. नाशिकच्या सल्लागारांनी एकूण खर्च ३४ लाख रुपये सांगितला असून महिनाअखेर अनामत रक्कम भरायची आहे. वडील तापीकाठची चार एकर बागायत बँकेकडे गहाण ठेवायला तयार आहेत. धाकटा भाऊ बारावीला आहे. आई म्हणते, परमुलखात आणि तेही लढाईच्या जागी मुलीने जायचेच कशाला. मला पुढे संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेत काम करायचे आहे. ही पदवी घ्यावी का? कर्ज काढावे का? की इथेच समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तर ती कमी प्रतीची ठरेल?

उत्तर

तुमच्या तीन प्रश्नांपैकी कर्जाच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. जमीन गहाण ठेवू नका आणि या महिनाअखेरीस अनामतही भरू नका. पदवी जरूर घ्या, परंतु ती आणखी दीड-दोन वर्षांनी, बहुतांशी दुसऱ्याच्या पैशाने आणि आज तुमच्या हातात असलेल्या कामातूनच निघालेला एखादा प्रश्न बरोबर नेऊन घ्या. असा प्रश्न तुमच्या पत्रात आहे, मात्र तुम्ही तो प्रश्न म्हणून विचारलेला नाही. त्याच्याकडे मी थोड्या वेळाने येते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन धुळ्यातील एका अडत्याकडे हिशेब लिहीत होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ओळखीच्या एका संस्थेबरोबर मी भचाऊजवळच्या छावणीत पोहोचले. मला मलमपट्टी येत नव्हती, तंबू उभारता येत नव्हता आणि गुजराती तर अहिराणीच्या आधाराने जेमतेम अर्धी समजत होती. पण साठानोंदवही लिहिता येते म्हटल्याबरोबर मला गोदामात बसवण्यात आले. तिसऱ्या दिवशी ब्लँकेटच्या २४ गाठी उतरल्या आणि एका गाठीत २५ नग असतात असे धरून मी ६०० नगांची आवक लिहिली. त्या नोंदीवर भरवसा ठेवून आमच्या लोकांनी एका गावात ६०० कुटुंबांना चिठ्ठ्या वाटल्या. वाटप सुरू झाल्यावर कळले की निम्म्या गाठी २० नगांच्याच होत्या. रांगेतील शेवटच्या ६० कुटुंबांना चिठ्ठी हातात घेऊन रिकामे परतावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण गाठ फोडून पाहण्याचा मला कंटाळा आला होता.

त्या रांगेच्या शेवटी कोण उभे होते हे मला दुसऱ्या दिवशी समजले. गावाबाहेरच्या वस्तीतील लोक, एकट्या राहणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या आणि पाय मोडल्यामुळे दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आलेला एक सुतार अशी ज्यांना लवकर येऊन पुढे उभे राहता येत नाही ती सगळी माणसे तिथे होती. पुढे चार वर्षांनी, साठवलेले पैसे आणि एक छोटी शिष्यवृत्ती यांच्या बळावर, मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसले आणि निःपक्षपातीपणा म्हणजे गरजेच्या प्रमाणात मदत पोहोचवणे, सर्वांना सारखी मदत देणे नव्हे, असे शिक्षक फळ्यावर लिहू लागले, तेव्हा वर्गातील इतरांनी ते वहीत उतरवून घेतले आणि मला मात्र तो सुतार आठवला. आधी काम आणि मग पदवी असा क्रम मी सुचवते तो एवढ्याचसाठी, कारण अनुभव पाठीशी नसताना हा अभ्यासक्रम केवळ शब्दांचा राहतो आणि त्यातले शब्द फार मोठमोठे आहेत.

आता या अभ्यासक्रमांत नेमके काय शिकवतात ते सांगते, म्हणजे ३४ लाखांच्या बदल्यात काय मिळते याचा अंदाज तुम्हाला येईल. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वे, १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईपासून १८६३ मध्ये रेडक्रॉसच्या स्थापनेपर्यंतचा इतिहास, युद्धकाळातील कायदा, निर्वासितांचे हक्क, आणि १९९१ च्या ठरावानंतर संयुक्त राष्ट्रांनी मदतकार्याच्या समन्वयाची जी यंत्रणा उभी केली तिची रचना हा एक भाग असतो. दुसरा भाग मानकांचा असून त्यात स्फिअर हे नाव तुमच्या कानावर वारंवार पडेल. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या प्रयत्नातून आपत्तीतील किमान मानके ठरली. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय आणि निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा ही त्यातली काही ठळक मानके. एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर जगणाऱ्या आपल्याकडील एखाद्या गावात हंडे मोजून हा १५ लिटरचा हिशेब एकदा करून पाहा, म्हणजे आपत्ती आणि नेहमीचे जगणे यांच्यातील रेघ किती पुसट आहे हे दिसेल. या मानकांची २०१८ ची आवृत्ती महाजालावर विनामूल्य आहे आणि ती वाचायला परदेशी जावे लागत नाही.

तिसरा भाग विकासाच्या राजकारणाचा आणि अर्थकारणाचा, आणि माझ्या मते या शिक्षणातील खरा ऐवज तोच आहे. त्यातील दोन उदाहरणे तर तुमच्या घराजवळची आहेत. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे ज्या प्रमाणावर निघाली, त्यामुळे एवढे पीक बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी का पडले नाहीत, हा विकास-अभ्यासातील गाजलेला विषय आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना पुढे राज्याचा कायदा झाली आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आधार मिळाला. तुमच्या आजोबांच्या पिढीतील कोणालाही विचारा, खडी फोडल्याचे आणि सुकडी खाल्ल्याचे सांगतील. दुसरे उदाहरण मणिबेलीचे. अक्कलकुवा तालुक्यातील, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील, हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या पहिल्या गावांपैकी होते. तेथील विरोधामुळे धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र फेरतपासणी समिती नेमावी लागली. त्या समितीचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला, १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले आणि त्याच वर्षी बँकेने आपल्या प्रकल्पांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे कायमचे तपासणी मंडळ स्थापन केले. ज्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर तुम्ही आज मोजपट्टी घेऊन जाता, त्यांचा संदर्भ परदेशातील वर्गात येईल तेव्हा सांगण्यासारखे काही तुमच्याजवळ असावे अशी माझी इच्छा आहे, आणि चौदा महिन्यांत ते पुरेसे जमते असे मला वाटत नाही.

आता पैशाकडे येऊ. ३४ लाखांचे कर्ज वार्षिक ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर दरमहा हप्ता साधारण ४६,८०० रुपये होतो, म्हणजे तुमच्या आजच्या मानधनाच्या अडीच पटींहून अधिक, आणि त्यात शिकत असतानाचे व्याज मी धरलेले नाही. परत आल्यावर भारतातील संस्थांमध्ये सुरुवातीच्या जागेवर एवढा हप्ता भरून स्वतःचा खर्च भागेल असा पगार मिळणे कठीण आहे. तिकडेच नोकरी मिळवून कर्ज फेडता येईल असे सल्लागारांनी सांगितले असेल, तर दोन गोष्टी लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये अशा पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी दोन वर्षे राहण्याची सवलत होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर येत असल्याचे तेथील सरकारने जाहीर केले आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या क्षेत्राचाच पैसा आटतो आहे. अमेरिकेने २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी सांगितले आणि १ जुलै २०२५ रोजी १९६१ पासून चालत आलेली ती संस्थाच बंद झाली. ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. परिणामी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांपासून लहान स्वयंसेवी संस्थांपर्यंत सर्वत्र कर्मचारी कमी झाले आणि वीस-वीस वर्षांच्या अनुभवाची माणसे नोकरी शोधत आहेत. नव्या पदवीधराला त्यांच्याच रांगेत उभे राहावे लागणार आहे.

आपल्या देशातील पैशाचा ओघही बदलला आहे. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मोठ्या संस्थेने परदेशी पैसा लहान संस्थेकडे वळवणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तुमच्यासारख्या तालुक्यातील संस्थांना त्याचा फटका बसला. त्याची काहीशी भरपाई कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीने केली. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामावर खर्च करावी लागते. म्हणजे पुढील दहा वर्षे भारतात या क्षेत्रात नोकरी करणाऱ्याला कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे आकड्यांनिशी बोलता आले पाहिजे, आणि हे कौशल्य परदेशी अभ्यासक्रमात मिळेलच असे नाही.

नाशिकच्या सल्लागारांविषयी वाईट बोलण्याचा माझा हेतू नाही. मात्र बहुतेक विद्यापीठे अशा सल्लागारांना प्रत्येक प्रवेशामागे मोबदला देतात हे मी सांगितलेच पाहिजे. अडत्याच्या पेढीवर काम केलेल्या बाईला अडत कोणाकडून कापली जाते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इथली पदवी कमी प्रतीची ठरेल का, या प्रश्नातील ‘कमी प्रत’ हा शब्द सोडून द्या आणि कोणत्या कामासाठी कोणती पदवी एवढेच पाहा. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून मुंबईत आहे. तेथे आपत्ती-अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र असून तुळजापूरच्या परिसरात ग्रामीण विकास आणि उपजीविका यांवर भर आहे. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या केंद्रीय परीक्षेतून होतात. तुमची कृषी पदवी आणि आजचे काम पाहता तुळजापूर मला मुंबईपेक्षा अधिक योग्य वाटते, कारण तेथे वर्गाबाहेर पडले की दुष्काळी गाव लागते. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा विकास विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि कौटुंबिक उत्पन्न पाहून तेथे शुल्कात सवलत मिळते. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांनी तिथे अर्ज केल्याशिवाय परदेशी कर्जाचा विचारही करू नये असे माझे मत आहे. आणंदची ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये काढली आणि २०२५ मध्ये ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली. सहकार, दूध, शेतमाल उत्पादक कंपन्या यांच्या व्यवस्थापनाकडे वळायचे असेल तर नंदुरबारहून सुरतमार्गे ती तुमच्या सर्वांत जवळची आहे, परंतु पोषण आणि आपत्ती हा तिचा विषय नाही.

राहिली आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न समाजकार्य महाविद्यालये. अमळनेर, चोपडा येथून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली अनेक माणसे आज जिल्हा बाल संरक्षण कक्षात, रुग्णालयांत आणि प्रकल्प कार्यालयांत चांगले काम करीत आहेत. शासकीय आणि निमशासकीय भरतीत या पदवीचे नाव जाहिरातीतच लिहिलेले असते, ही तिची मोठी जमेची बाजू. उणीव असेल तर ती संशोधन-पद्धती आणि इंग्रजी लेखन यांची, आणि ती स्वतःच्या कष्टाने भरून काढता येते. खर्चाच्या मानाने पाहिले तर या पदवीइतकी सुरक्षित वाट दुसरी नाही. तरीही आंतरराष्ट्रीय मदतकार्यच करायचे असे तुमच्या मनात पक्के असेल तर ती एकटी पुरणार नाही, हेही स्पष्ट सांगते.

परदेशी शिक्षण हवेच असेल तर ते शिष्यवृत्तीवर घ्यावे. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क, प्रवास आणि राहण्याचा खर्च देते. तिच्यासाठी पदवीनंतरचा २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षे, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे स्वदेशी परतावे लागते. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात व ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. तुमचे चौदा महिने झाले आहेत, त्यामुळे आज नसलात तरी येत्या काही महिन्यांत तुम्ही पात्र व्हाल. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत शुल्काबरोबर दरमहा १,४०० युरो मिळतात आणि दोन वर्षांत किमान दोन देशांत शिकता येते. मानवतावादी कृतीवरचा नोहा हा संयुक्त अभ्यासक्रम उप्साला, ग्रोनिंगन, बोखुम, डब्लिन यांसारख्या विद्यापीठांनी मिळून १९९३ पासून चालवला आहे. त्या त्या वर्षीच्या तुकडीला शिष्यवृत्ती आहे का, हे अर्जाआधी पाहून घ्यावे. जर्मनीची डाड संस्था विकासविषयक अभ्यासक्रमांना शिष्यवृत्ती देते आणि तिलाही दोन वर्षांचा अनुभव हवा असतो. ठिकठिकाणी हीच दोन वर्षांची अट का, याचे उत्तर माझ्या ब्लँकेटच्या गोष्टीत आले आहे.

राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्यांकडे आपल्या भागातील मुलांचे फार दुर्लक्ष होते. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाची वेगळी, इतर मागास आणि भटक्या विमुक्त प्रवर्गांसाठी वेगळी अशा योजना असून त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. तुम्ही प्रवर्ग कळवलेला नाही. तो कोणताही असला तरी, आज मिळालेले विद्यापीठ त्या क्रमवारीत बसते का हे आधी तपासा. बसत नसेल, तर पुढील वेळी अर्ज करतानाच बसणारे विद्यापीठ निवडावे. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा निधीची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. ती पूर्ण खर्च भागवत नाही, तरी उरलेले खिंडार बुजवायला उपयोगी पडते.

आता तुमच्या पत्रातील त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळते. दिवाळीनंतर मुले यादीतून नाहीशी होतात आणि होळीला परत येतात, असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेले, म्हणजे पट्टीच्या लाल भागात आलेले मूल नोव्हेंबरमध्ये केंद्रात दाखल झाले आणि दहाव्या दिवशी आईबरोबर उसाच्या फडावर गेले, तर तुमच्या संस्थेच्या अहवालात ते ‘उपचार अर्धवट’ या रकान्यात जाते आणि गुजरातेतील अंगणवाडीच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. होळीच्या हाटाला ते परत दिसते किंवा दिसत नाही. राज्याची सीमा ओलांडून जाणाऱ्या लोकांपर्यंत मदत सलग कशी पोहोचवायची, हाच प्रश्न सिरियातून बाहेर पडलेल्या कुटुंबांबाबत आणि कॉक्स बझारमधील रोहिंग्या छावण्यांबाबत वेगळ्या शब्दांत विचारला जातो. तुमच्याजवळ तो पाड्याच्या नावानिशी आहे. येत्या हंगामात एक साधी वही घाला: मुलाचे नाव, शेवटचा दंडघेर, तारीख, मुकादम कोणता, टोळी कोणत्या कारखान्याकडे गेली, परतल्याची तारीख आणि परतल्यावरचा दंडघेर. अर्थात पालकांना विचारून आणि संस्थेच्या परवानगीने, आणि ती वही कुलपात ठेवून. पन्नास-साठ मुलांच्या अशा दोन हंगामांच्या नोंदी हातात असतील तर शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे वाक्य लिहिण्याची गरज उरणार नाही. ते वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि निवड समितीतील लोक ते वाचतही नाहीत.

त्याच काळात कोबोसारख्या साधनात मोबाइलवर माहिती भरण्याचे अर्ज तयार करायला शिका, नमुना-सर्वेक्षणाचे गणित एखाद्या कृषी सांख्यिकीच्या जुन्या शिक्षकाकडून समजून घ्या, आणि क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणक-प्रणालीवर धडगावचे पाडे नकाशात मांडून पाहा. ही सर्व साधने विनामूल्य आहेत. पावरी आणि भिली तुम्हाला कामापुरत्या येत असतील तर त्या अर्जात ठळक लिहा. आपल्याकडे या बोलींना कोणी भाषा म्हणून मोजत नाही, परंतु मुलाखत घेणाऱ्या अनुभवी माणसाला दुभाष्याशिवाय काम करणाऱ्या उमेदवाराची किंमत कळते. आंतरराष्ट्रीय कामाचा विचार दीर्घकाळासाठी असेल तर फ्रेंच शिकायला आजच सुरुवात करा. आफ्रिकेतील मोठी मदतकार्ये ज्या देशांत चालतात त्यांपैकी अनेक देशांत तिच्यावाचून अडते.

संयुक्त राष्ट्रांविषयी थोडक्यात सांगते. सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय जागांसाठी बहुधा पदव्युत्तर पदवी आणि किमान दोन वर्षांचा अनुभव मागतात. श्रीमंत देश आपल्या तरुणांसाठी ज्या कनिष्ठ जागांचा खर्च उचलतात त्या वाटेने भारतीयांना सहसा जाता येत नाही. त्यामुळे तेथे पोहोचलेली आपली बहुतेक माणसे आधी भारतातील कार्यालयात राष्ट्रीय कर्मचारी म्हणून, किंवा संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक म्हणून, काम करून पुढे गेली आहेत. आणखी एक वस्तुस्थिती लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००४ च्या त्सुनामीपासून भारताने मोठ्या नैसर्गिक आपत्तीत परकीय सरकारांची मदत साधारणपणे स्वीकारलेली नाही, २०१८ च्या केरळच्या पुरातही नाही. म्हणून आपल्या देशात आपत्तीचा अनुभव मिळतो तो तहसीलदार, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि स्थानिक संस्था यांच्याबरोबर. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात पूर आला तेव्हा पंचनाम्यांच्या दिवसांत चिखलातून तलाठ्याबरोबर फिरलेल्या तरुणांनी जे पाहिले, ते कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवता येण्यासारखे नाही. असा प्रसंग पुन्हा आलाच तर संस्थेकडून रजा मागून तिथे जा.

आईची काळजी खोटी नाही आणि तुम्ही ती उडवून लावू नये. २०२४ या एका वर्षात जगभरात ३८३ मदत-कर्मचारी मारले गेले, असे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले आहे. परंतु त्यांतील बहुतेक जण त्या त्या देशाचेच होते, बाहेरून आलेले नव्हते, आणि या क्षेत्रातील बरीचशी कामे आघाडीवरची नसून गोदामातली, हिशेबाची, सर्वेक्षणाची असतात. आईला एकदा धडगावला बरोबर घेऊन जा. मुलगी काय करते हे तिने अजून पाहिले नसावे असा माझा अंदाज आहे.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. तो नाकारायचा नाही, पुढे ढकलण्याची विनंती करायची आहे. अनेक विद्यापीठे एक वर्षाची मुदत देतात. सल्लागारामार्फत न जाता प्रवेश कार्यालयाला स्वतः ईमेल लिहा. त्यात तीन गोष्टी विचारा: प्रवेश पुढील वर्षी कायम राहील का, त्यासाठी आज काही रक्कम भरावी लागते का, आणि भरली तर व्हिसा किंवा शिष्यवृत्ती न मिळाल्यास ती परत मिळते का. उत्तर लेखी मागा. पुढील वर्षाचे शुल्क वाढलेले असेल, त्याची तयारी ठेवा. त्यांनी मुदत नाकारली तरी बिघडत नाही, कारण ज्या गुणांवर हा प्रवेश मिळाला ते गुण पुढच्या वर्षीही तुमच्याच गुणपत्रिकेवर असतील. ईमेल या आठवड्यातच पाठवा, आणि वडील बँकेत सातबारा देऊन आले असतील तर तो परत घेऊन यायला सांगा.